बेयाने चार वेळा नेलेली कादंबरी

ऐन झितूना, ६ ऑक्टोबर २००८

बेया,

फोन केला की ओल्फा म्हणते, आई झोपली आहे. सकाळी अकरा वाजता. फजरच्या अजानआधी उठून पिठात हात घालणारी बाई अकराला झोपलेली असते, असं तुझी मुलगी मला सांगते आणि सांगताना अडखळते. खोटं बोलायला तू तिला कधी शिकवलंच नाहीस. म्हणून आता पत्र लिहिते आहे. पत्र झोपलेल्या माणसाच्या उशाशीही ठेवता येतं.

ईद झाली. साल्हाने मकरूद पाठवले, पण खजूर इतका कमी की रव्याचे लाडू खाल्ल्यासारखे वाटले. तुझे मकरूद आठवले. तसं मी तिला म्हणाले नाही. सलूनमध्ये तिच्याच हातात माझे केस असतात, तिला दुखवून मी कुठे जाणार?

लिहायचं कारण असं की वाचनालयातली जुनी कार्डं भरली. पुस्तकाच्या मागच्या खिशातली, ज्यांवर नेणारा सही करतो ती. सगळ्या कादंबऱ्यांना नवी कार्डं लावायला घेतली आणि गेला आठवडाभर मी तुझी सही बघते आहे. निळ्या शाईतली, शेवटच्या अक्षराला शेपूट काढलेली. बावीस वर्षांत या गावात तुझ्याइतकं कुणीच वाचलं नाही.

आपल्याकडे कादंबरी कशी निवडतात ते तू विसरली नसशील. मुखपृष्ठ कुणी बघत नाही, लेखकाचं नाव तर नाहीच. परतीच्या टेबलाशी यायचं, कारण नुकतंच कुणाच्या तरी घरून आलेलं पुस्तक बायकांना कपाटातल्यापेक्षा गोड लागतं. मग मागचं पान उघडून कार्ड काढायचं. साल्हाची सही असली तर रडू येणार. दाई फौजियाची असली तर खून आहे, आणि तोही पहिल्या वीस पानांत. बेयाची असली तर बघायचं काही उरत नाही, सरळ पिशवीत टाकायचं. तुला जाऊन तीन वर्षं झाली तरी अजून विचारतात, बेयाने वाचलेलं काही उरलंय का गं शेदलिया? मी काढून देते.

तू इथे होतीस तेव्हाच वाचनालयात यायची थांबलीस. ते सगळं कसं झालं, कुणाच्या तोंडून काय गेलं, मला खरंच ठाऊक नाही. गाव लहान आहे, गोष्ट इकडची तिकडे होते. पण माझ्यावर कशाला रुसायचं? मी फक्त पुस्तकं देणारी.

तिकडे सूसमध्ये समुद्राच्या दमट हवेनं तुझे गुडघे दुखत असतील. ओल्फाच्या मुलाचा पापा घे.

तुझी शेदलिया

ऐन झितूना, २२ ऑक्टोबर

बेया,

तुझं उत्तर आलं नाही. मी काल पुन्हा फोन केला. या वेळी ओल्फाने तू झोपली आहेस असं सांगितलं नाही. नेहमीसारखं मावशीच्या नात्यानं म्हणाली, "खालती, एक सांगू? आईने तीन वर्षांत एक पुस्तक उघडलेलं नाही." मी म्हटलं, घरात नसेल एखादं. ती म्हणाली, "कपाट भरून आहेत. मुलाला वाचून दाखव म्हटलं तर म्हणते चष्मा सापडत नाही. चष्मा तिच्या डोक्यावर असतो."

मी फोन ठेवला आणि वाचनालयाला मधेच कुलूप लावून घरी गेले. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत असं मी कधी केलं नव्हतं.

मला वाटत होतं, तू माझ्याकडे यायची थांबलीस. तू वाचायचीच थांबली असशील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्यावरचा राग मला समजतो. एरवी तूही हट्टी, मीही हट्टी. पण तू डाळ निवडताना मांडीवर पुस्तक ठेवायचीस, आणि एकदा डाळीत खडे तसेच राहिले म्हणून तुझ्या नवऱ्याचा, मुंजीचा दात दुखावला होता. ती बाई तीन वर्षं कोरडी बसली आहे आणि त्याला मी कारण आहे, हे मला सहन होत नाही.

म्हणून खरं सांगते. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मुफीदाला मीच सांगितलं.

तीन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. तुझ्या नणंदेच्या, मुफीदाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, अंथरुणात पडून कंटाळली होती. जन्मात कादंबरी न वाचलेली बाई काठी टेकत आली आणि म्हणाली, झोप येणार नाही असं काहीतरी दे. परतीच्या टेबलावर ती बटणांच्या दुकानाची कादंबरी पडलेली होती, तू आदल्याच दिवशी परत केलेली. पन्नाशीची बाई एक सुटकेस घेऊन घरातून निघते, बंदराच्या गावात बटणांचं दुकान काढते, नवरा जेवायला वाट बघत राहतो, ती. मी कार्ड काढून तिच्यापुढे धरलं आणि म्हटलं, ही ने, बेयाने वर्षात चार वेळा नेली आहे. जशी रोज चार जणींना म्हणते तशीच म्हणाले.

तिला झोप आली नाही हे तर खरंच. दोन दिवसांत वाचून काढली आणि तिसऱ्या दिवशी भावाला जाऊन सांगितलं, तुझी बायको वर्षभर घर सोडून जायच्या गोष्टी वाचते आहे. मग मुंजी आला. पंपाच्या ग्रीसचे हात, आणि त्या हातांनी त्याने कार्ड मागितलं. वाचनालयात सहा बायका होत्या. मी नाही म्हणायला हवं होतं. मी दिलं. त्याने तुझ्या चारही सह्यांवर बोट ठेवत ठेवत वाचलं, कार्डावर ग्रीसचे डाग पडले, आणि ते टेबलावर टाकून गेला.

पुढचं मला लोकांकडून कळलं. एका शुक्रवारच्या जेवणाला सगळ्यांसमोर त्याने विचारलं, "काय गं, सुटकेस भरलीस का?" सगळे हसले. तूही हसलीस म्हणे. मग रोज सकाळी पंप दुरुस्तीला निघताना दारातून, "संध्याकाळी असशील ना घरात?" शेजारची पोरंसुद्धा तुला बघून सुटकेस, सुटकेस करायला लागली. तीन महिने चाललं. माणूस वाईट नाही मुंजी, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. पण रोजची थट्टा बोचते, हे त्याला कुणी सांगितलं नाही. मग ओल्फाचं बाळंतपण निघालं, तू चाळीस दिवसांसाठी सूसला गेलीस, आणि ते चाळीस दिवस अजून संपलेले नाहीत.

ते माझ्या तोंडून चुकून गेलं, बेया. मला माफ कर आणि एखादं पुस्तक उघड. माझ्यासाठी नको, स्वतःसाठी उघड.

शेदलिया

ऐन झितूना, ९ नोव्हेंबर

बेया,

काल ओल्फाचा फोन आला. म्हणाली, आईने तुमची दोन्ही पत्रं वाचली आणि तुम्हाला एवढंच विचारायला सांगितलं आहे: "चुकून?"

तीन वर्षांत तुझा हा पहिला शब्द. तो ऐकून मला आधी आनंद झाला आणि मग घाम फुटला. तू मला ओळखतेस. मी चुकून काहीही बोलत नाही.

तर ऐक. मुफीदा आली तेव्हा नुसतं पुस्तक मागायला आली नव्हती. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली, "आमची बेया तुझ्याकडे येऊन बसते. तिला घरात काम नसतं ना, आमच्या भावाने फार सुखात ठेवलंय." तो स्वर तुला माहीत आहे. अंगणातल्या बायकांसमोर तू रांधलेल्या कुसकुसला नावं ठेवतानाही तिचा तोच असतो. मला राग आला. मी म्हटलं, "बेयाने ही चार वेळा नेली आहे. वाच, म्हणजे तुझ्या भावाने किती सुखात ठेवलंय ते कळेल."

हे दुसरं वाक्य मी गेल्या पत्रात गाळलं होतं. तीन वर्षं स्वतःपाशीसुद्धा गाळलं होतं.

मला तिला टोचायचं होतं, आणि टोचायला मी तुझं वाचन वापरलं. तुझी बाजू घेते आहे असं मला तेव्हा वाटलं. पण तुझी बाजू काय होती हे तरी मला कुठे माहीत होतं? तू ती कादंबरी चार वेळा का नेलीस, मी कधी विचारलं नाही. मी मनात ठरवून टाकलं की हिला जायचं आहे. म्हणजे मुफीदाने जे केलं तेच मी केलं, फक्त तिच्या आधी केलं. याची लाज वाटते मला, फार लाज वाटते.

यावर तू काही म्हणू नकोस. मी काय केलं ते मात्र सांगते.

नवी कार्डं मी नावाशिवाय केली. सही नाही, फक्त सभासद क्रमांक. बायकांनी मला फाडून खायचंच बाकी ठेवलं. साल्हा कार्ड हातात नाचवत म्हणाली, "एकतीस? एकतीसला काय आवडतं मला कसं कळणार? आकडा रडतो का कधी?" फौजिया म्हणाली, मी सत्तर वर्षांची, आता मुखपृष्ठ बघून पुस्तक न्यायची वेळ आणलीस माझ्यावर. आणि दहा दिवसांत सगळ्यांना सगळे क्रमांक पाठ. एकतीस साल्हा, अठ्ठावन्न फौजिया, एकशे बारा पोस्टमनची बायको. एकशे बाराला लग्नाच्या गोष्टी फार लागतात अशी कुजबुजही सुरू झाली.

मग मी कार्डं काढूनच टाकली. माझ्या टेबलाच्या खणात ठेवली आणि किल्ली गळ्यात घातली. खिसे रिकामे. पहिल्या आठवड्यात निम्म्या बायका हात हलवत परत गेल्या. कादंबऱ्यांच्या कपाटासमोर उभ्या राहायच्या, एक पुस्तक काढायच्या, मागून उघडून बघायच्या, परत ठेवायच्या. मला भीती वाटली की आता कुणीच काही नेणार नाही आणि हे वाचनालय माझ्या हातानेच बंद पडेल.

पण बायका कुणाला ऐकतात? परवापासून त्यांचं त्यांनीच काहीतरी ठरवलेलं दिसतं. पुस्तक आवडलं की परत करताना टेबलावर उभं ठेवायचं, नाही आवडलं की आडवं. कुणी ठेवलं ते कळत नाही, आणि कुणी विचारत नाही. ज्यांना बोलायचं असतं त्या दारात थांबून आपणहून सांगतात. साल्हा तर सलूनमध्ये केस धुताना अख्खी कथा सांगते, शेवटासकट, आणि गिऱ्हाईक डोळ्यात साबण गेला म्हणून रडतंय की गोष्टीनं, हे तिला कळत नाही.

पत्र लांबलं. ओल्फाला सांग, तिच्या मुलासाठी लोकरीची टोपी विणते आहे.

शेदलिया

ऐन झितूना, १२ डिसेंबर

बेया,

हे पत्र मी परवानगी घेऊन लिहिते आहे. कुणाची, ते पुढे येईल.

नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी दुपारी मुंजी वाचनालयात आला. तीन वर्षांत तो माझ्या रस्त्यानेही जात नव्हता. टोपी काढून टेबलासमोर उभा राहिला, पोलीस चौकीत उभा राहतो तसा. म्हणाला, "ती दे." मी म्हटलं, कोणती? म्हणाला, "तुला माहीत आहे कोणती."

तो सभासद नाही. घरी न्यायची तर फॉर्म भर म्हटलं, तर म्हणाला, घरी नको, इथेच बसतो. त्या दिवशी त्याने हात साबणाने धुऊन आणले होते. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ओळीखाली बोट ठेवत वाचायला लागला. एक पान संपायला पाव तास. बायका आल्या, बघितलं, एकमेकींना कोपर मारलं. मी प्रत्येकीकडे असं बघितलं की एकीनेही तोंड उघडलं नाही. अकरा दुपारी तो आला, मधे बकरी ईदचे दोन दिवस सोडून.

तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, हिचा नवरा वाईट आहे का? मी म्हटलं, वाचून बघ. सातव्या दिवशी विचारलं, हा मारत नाही, पीत नाही, मग ही गेली कशाला? मी गप्प राहिले. जीभ चावून गप्प राहिले, बेया, कारण सांगण्यासारखं माझ्याकडे खूप होतं.

काल संपली.  मिटलेलं पुस्तक माझ्याकडे आणून म्हणाला, हे बघ, आणि ते टेबलावर सैल सोडलं. ते आपोआप एका जागी उघडलं. पुन्हा मिटवून सोडलं, पुन्हा तिथेच. ती घर सोडते त्या पानावर नाही, बेया. नवरा वाट बघतो तिथेही नाही. दुकानात पहिल्या दुपारी ती एकटी बसते आणि खोकीभर बटणं रंगांप्रमाणे लावते, तिथे. तीन पानं. काहीही घडत नाही. पानांच्या कडा मऊ झाल्या आहेत.

मुंजी म्हणाला, "दुपारभर तिला कुणी हाक मारत नाही." मग म्हणाला, "मी बेयाला दुपारी किती हाका मारायचो. पेचकस कुठे, चष्मा कुठे, पाणी दे. तिच्या मांडीवर पुस्तक असायचं आणि ती प्रत्येक हाकेला उठायची."   आम्ही दोघं म्हातारी टेबलाच्या दोन बाजूंना बसून रडलो, आणि फौजिया आत येऊन तशीच उलटी बाहेर गेली.

मी त्याला विचारलं, बेयाला हे लिहू का? पूर्वी विचारलं नसतं. त्याने टोपी हातात दोनदा फिरवली. मग म्हणाला, "लिही. पण परत ये असं लिहू नकोस. थट्टा केली ती चूक झाली असं लिही. आणि वाचली, एवढं लिही."

तर त्याने वाचली. मीही काल घरी नेऊन ती तीन पानं वाचली. इतकी वर्षं मी ती गावभर वाटली आणि ती पानं कधी नीट वाचलीच नव्हती. माझा अंदाज लिहिणार नाही. तुला का आवडली ते तुझं तुझ्यापाशी असू दे.

शेदलिया

ऐन झितूना, १९ जानेवारी २००९

बेया,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा तुला कदाचित सगळं ठाऊक असेल, तरी माझ्या बाजूने लिहून ठेवते.

आज सकाळी वाचनालयाचा फोन वाजला. सूसहून, तुझ्या तिथल्या वाचनालयातली मुलगी होती. यूस्रा नाव, आवाजावरून पंचविशीची. म्हणाली, "खालती, एका बाईंना सभासद व्हायचं आहे. आधीच्या वाचनालयाकडून कागद लागतो, की तुमचं कुठलं पुस्तक त्यांच्याकडे राहिलेलं नाही. त्यांनी तुमचं नाव लिहिलं आहे." मग तिने तुझं नाव वाचलं.

मी खुर्चीवर बसले. उभीच होते, बसले. म्हटलं, काही राहिलेलं नाही, कागद आजच टपालात टाकते.

मला वाटलं, झालं, आता फोन ठेवेल. पण पोरगी चांगली आहे, बेया. तुझी काळजी करत होती. म्हणाली, "त्या दोनदा येऊन गेल्या. कादंबऱ्यांच्या कपाटासमोर अर्धा अर्धा तास उभ्या असतात. एखादं काढतात, मागून उघडतात, परत ठेवतात. काय हवंय विचारलं तर काही नाही म्हणतात. फॉर्मवर आवडीच्या पुस्तकांची जागा रिकामी सोडली आहे. तुम्ही त्यांना बावीस वर्षं पुस्तकं दिलीत. त्यांना काय आवडतं, सांगाल का? म्हणजे मी काढून ठेवीन."

मला सगळं माहीत आहे. तुला खून नको असतात पण खुनाआधीचं जेवण आवडतं. जाड पुस्तक तू उन्हाळ्यात नेतेस आणि बारीक बाळंतपणाच्या घरी. शेवटचं पान तू आधी वाचतेस आणि नाही वाचलं म्हणून सांगतेस. लेखकाने बाईला पहिल्या पानावर सुंदर म्हटलं की तू पुस्तक मिटतेस. ओठांवर आलं होतं सगळं. इतक्या वर्षांत कुणी मला इतक्या मायेने विचारलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर तुझं भलंच झालं असतं, असंही वाटलं.

मी म्हटलं, "ते तिचं तिला ठाऊक. तिला उभी राहू दे. एक खुर्ची तेवढी जवळ सरकवून ठेव, गुडघे दुखतात तिचे."

ती थोडी खट्टू झाली. म्हणाली, "खालती, एवढी वर्षं ओळखता, तरी एकही नाव नाही सांगणार?"

"नाही, बेटा," मी म्हटलं. "विचारायचं तर तिलाच विचार. सांगावंसं वाटलं तर ती सांगेल."

फोन ठेवला आणि कागद लिहायला घेतला. तीनदा लिहावा लागला, कारण दोनदा त्यावर पाणी पडलं. साल्हाने विचारलं, काय झालं गं? मी म्हटलं, काही नाही, एक वाचक आहे. तिने कान टवकारले, वाट बघितली, मी पुढे काहीच बोलले नाही तेव्हा निघून गेली.

कागद या पत्रासोबत वेगळ्या पाकिटात आहे, तो यूस्राला दे. माझ्यावर रागावलेली असशील तर रागावलेली राहा, मी तेवढी चूक केली आहे. पण तू पुन्हा कपाटासमोर उभी आहेस, बेया. आता तिथून काय घेतलंस, ते मला कधी सांगू नकोस.

शेदलिया